सतराशे टोकांचा प्रोसेसर

वटार, वसई
बुधवार

ती. स्टॅनीदादांस, आग्नेलचा मनापासून नमस्कार.

नाशिकची हवा तुम्हाला मानवली असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि वहिनींनी चहातली साखर पुन्हा सुरू केली नसेल, असे धरून चालतो. आम्ही सुखरूप आहोत. केळींना पाणी वेळेवर जाते आणि तुमची बहीण एस्थर माझ्याशी बोलते (कालपासून).

येत्या रविवारी आईंना जाऊन वर्ष होते; देवळातल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर त्यांनीच गायलेली लग्नाची गाणी सगळ्यांना ऐकवायची, असे आपले ठरले होते. ती गाणी आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि तो गेल्या महिन्यात थोडा धूर काढून कायमचा बंद पडला. दुसरी प्रत कुठेही नाही, हे एस्थरने मला सांगितले. प्रत काढायचे काम माझ्याकडे होते, हेही सांगितले. नालासोपाऱ्याच्या एका दुकानदाराने डिस्क तपासली आणि म्हणाला, "काका, डिस्क शाबूत आहे. नवीन तयार कॉम्प्युटर घ्या, त्यात जोडून देतो." तेव्हाच मी हो म्हणायला हवे होते. पण एकतीस वर्षे भूमिती शिकवलेल्या माणसाला चार सुटे भाग जोडता येऊ नयेत, हे मनाला पटेना.

आधी प्रोसेसर आणला. मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून घेतला (तिथे बसायला खुर्ची होती). घरी आल्यावर कळले, की प्रोसेसर सतराशे टोकांचा आहे आणि बोर्डावरची त्याची बैठक बाराशे टोकांची. उरलेल्या पाचशे टोकांचे काय करायचे, याचा मी दुपारभर विचार केला. बोर्ड बदलून आणला. त्यात प्रोसेसर नीट बसला, पण आता मेमरीची पट्टी बसेना, कारण बोर्ड पुढच्या पिढीचा आणि पट्टी मागच्या पिढीची. पट्टीची खाच किंचित बाजूला होती, एवढाच काय तो फरक. मी कानस काढली. एस्थरने माझ्या हातातून कानस घेतली आणि ती अजून परत दिलेली नाही.

पट्टीही बदलली. मग ग्राफिक्स कार्ड. कार्डाची लांबी बत्तीस सेंटिमीटर, हे सगळे ज्या पेटीत बसवायचे त्या कॅबिनेटमधली जागा एकोणतीस. (मोजपट्टी माझ्या खिशातच होती. हे कृपया वहिनींना वाचून दाखवू नये.) तेव्हा मोठे कॅबिनेट आणले. ते टेबलावर मावेना, म्हणून एस्थरचे शिवणयंत्र पडवीत गेले आणि आमचे बोलणे थांबले.

अखेर सगळे जोडून बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. तीन दिवस मी रोज सगळे उघडून पुन्हा बसवत होतो. मिस्सा रविवारवर आली होती आणि मला जेवण जात नव्हते. काल एस्थर आली, तिने खोक्यातून पुस्तिका काढली आणि उभ्या उभ्या वाचली. (अशी पुस्तिका येते हे मला ठाऊक होते.)

"ह्या प्रोसेसरला स्वतःहून चित्र दाखवता येत नाही," ती म्हणाली. "पडद्याची वायर बोर्डात नाही, कार्डात लावायची."

तिने वायर काढून चार बोटे खाली लावली. पडदा उजळला.

डिस्क जोडली. आईंचा आवाज आला, दादा. अगदी तसाच, श्वास घेऊन पुढची ओळ उचलणारा. दुसऱ्या गाण्याच्या मधेच थांबून त्यांनी विचारले, "आग्नेल, बटन दाबलंय ना रे तू?" एस्थर पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली. मी ताबडतोब तीन प्रती काढल्या. रविवारी तुम्हाला प्रवास जमणार नाही, म्हणून एक सोबत पाठवतो.

वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
आग्नेल

ता. क. : ही हकिकत मी फादरांना सांगितली, पण वायरीचा भाग वेळेअभावी राहून गेला. पॅरिश ऑफिसचा नवा कॉम्प्युटर आग्नेल सर स्वतः बांधून देणार, असे ते रविवारी देवळात जाहीर करणार आहेत. तरी सोमवारी मला तातडीने नाशिकला बोलावून घ्यावे. कारण तुम्हीच ठरवा. फक्त कुणाचे मरण नको, फादर मातीला येतील.

ता. क. २ : दादा, मी एस्थर. पाकिटाला डिंक लावायला दिलं म्हणून वाचलं. ह्यांना जरूर बोलाव आणि महिनाभर तरी ठेवून घे. फादरांशी माझं बोलणं झालंय, त्यांचा कॉम्प्युटर मी जोडतेय.