तुमच्या रक्ताची काच

प्रिय वामनभाऊ,

काल मूलच्या बाजारात वहिनी भेटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "ह्यायचा ताप कोणीच ओळखला नाई रे बाबू. तू काऊन तोंड लपवून राह्यला?" त्यांना सांगता आलं नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहितोय.

नववी नापास, सर्कशीच्या मागेमागे अहेरीला पोचलेला मी! तुम्ही मला मलेरियाच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या काचा धुवायला ठेवलंत. एकदा म्हणालात, "धुतोच काय लेका? डोळा लाव न एखादबार."

मायक्रोस्कोपला डोळा लावला. माणसाच्या रक्तातल्या गोल, फिक्या गुलाबी पेशी! आणि एकीत शिरून बसलेला जंतू: बारीक निळी अंगठी, तिला लाल खडा. तो पेशीला आतून खातो म्हणालात. तरी किती सुंदर दिसायचा हो! कामं सोडून बघत बसायचो.

पहिल्याच आठवड्यात काचेवर साचलेल्या रंगाचे नुसते कण दिसले आणि मी "जंतू, जंतू!" ओरडलो. तुम्ही हसून म्हणालात, "याले त कचऱ्यालेही ताप आलेला दिसते!" सगळी लॅब हसली. मला ते लागलं होतं, भाऊ.

मग ती दौऱ्याची सकाळ. स्वतःच्या बोटाला सुई टोचून तुम्ही काच केलीत. "हे चांगलं रक्त. हे पाहून ठेव, मंग रोगी ओळखू येते." तुम्ही सामान बांधलंत तोवर मी ती रंगवली आणि वाकलो. एकाच पेशीत दोन अंगठ्या! काच सरकवली. आणखी एक.

बाहेर जीपचा हॉर्न. सांगावं? पुन्हा हसले तर?

"दिसलं का रे?" दारातून तुम्ही विचारलंत.

"चांगलं हाय," म्हणालो, आणि बाजारात कोंबड्यांची झुंज बघायला पळालो.

आठ दिवसांनी जंगलातल्या गावातून तुम्हाला खाटेवर आणलं. मलेरिया डोक्यात चढला होता. तुम्ही पुन्हा बोललाच नाहीत, तसेच गेलात.

अंग दुखतं म्हणत होतात ना? इतक्या लोकांच्या काचा पाहिल्यात, स्वतःच्या एकीवर वाकायला वेळ नव्हता? एवढा कसा विश्वास ठेवलात माझ्यावर! बघा, तुमच्यावरच ढकलतोय. दिसलं मला होतं.

तेव्हापासून भटकतोय. मोहर्लीत राहिलो, चंद्रपुरात राहिलो, कुठेच मन लागलं नाही.

उद्या सकाळी वहिनींकडे जाणार आहे. सगळं सांगणार. हाकललं तर अंगणात बसेन, त्या बोलतील ते ऐकेन. वाटेत बाजार लागेल, ओळखीचे भेटतील. पण वचन देतो भाऊ, त्यांच्या दारापर्यंत कुठेच थांबणार नाही.

तुमचाच,
सुधाकर