टाकीजवळचा खुणेचा दगड

४ फेब्रुवारी
भिंतीतल्या फटीवर चिकटवलेली काचेची पट्टी तडकली. तिसरी! फट वाढली की काच तुटते, हे ह्यांनीच शिकवलेलं. हे गेल्यापासून मी लेकीकडेच असते. तिला सातवा महिना लागलाय. जावई म्हणतात, "आई, काचच हलकी असेल." हलकी म्हणे!

७ फेब्रुवारी
खाणीच्या ऑफिसातून मोजणीवाला आला. टक्कल पडलेला, सभ्य माणूस. तिवईवर दुर्बीण लावून पाण्याच्या टाकीजवळच्या खुणेच्या दगडापासून आमच्या उंबऱ्याची उंची मोजली. गेल्या वर्षीइतकीच. "काकू, घर जागच्या जागी आहे. आमच्या अंदाजाने खाणीमुळे जमीन खचते ती रस्त्यापलीकडेच, इथवर येत नाही."
मग काच काय माझ्या नजरेने फुटते? — जिभेवर आलं होतं. चहा दिला.

१२ फेब्रुवारी
ह्यांचं खाणकामाचं पुस्तक काढून बसते रोज. मी चौथी शिकलेली. एकेका पानाला दोन दिवस. आज उलगडलं. ज्या दगडापासून मोजायचं, तो स्वतः पक्क्या जमिनीवर हवा. दगड आणि घर बरोबरीने खचले तर फरक तेवढाच राहणार. दोघी जावा जोडीने म्हाताऱ्या होतात आणि एकमेकींना म्हणतात, तू आहेस तश्शीच गं!
आणि टाकीखाली तर पोकळ आहे. हे कामावरून येऊन डबा ठेवता ठेवता सांगायचे, "आज टाकीच्या खाली होतो. वर तुम्ही पाणी भरत होतात." दोन वर्षं तिथलाच कोळसा काढला ह्यांनी. जाऊन आठ वर्षं झाली, तो आवाज तसाच कानात.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात गेले. मोजणीवाल्याने नकाशा पसरला. टाकीखाली काहीच नाही. "जुनं काम कुणी उतरवलंच नाही, काकू. तुमच्या सांगण्यावरून कसं लिहू?" आतून साहेब ओरडले, "नवऱ्याचं बोलणं पुरावा धरलं, तर आमची ही मला आजच फासावर देईल!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मोरीत रडले.

१९ फेब्रुवारी
चौथी काच.

२६ फेब्रुवारी
मोजणीवाला आज सुट्टी असून आला. लांबच्या टेकडीवरच्या खडकापासून मोजत मोजत. दगड नव्वद मिलिमीटर खाली गेलाय. घरही तेवढंच. "चुकलो, काकू."
मला कुठे खरं ठरायचं होतं रे बाबा!

९ मार्च
तीन दिवस साहेबांच्या दाराशी बसले. शिपाई म्हणाला, "मावशी, खुर्ची तरी घ्या." शेवटी नव्या वसाहतीत घर मिळालं. जावई कुरकुरले, "पुस्तक वाचून घर सोडायचं?" पण ट्रकमध्ये पहिली गादी त्यांनीच टाकली. मी दोन दिवस मागे थांबलेय, आवराआवरीला. भिंतीवर काचा तशाच.

११ मार्च
लेकीचा फोन. "आई, इथली चौकट तिरकी झालीय. दार लागत नाही."
म्हटलं, आत्ताच्या आत्ता नीघ तिथून.
"कुठे?" म्हणाली.