पाचचा ग्रुप

१२ जाने.
मीनूचा फोन. बस्तरच्या तिच्या सुरक्षा दलाच्या कॅम्पात फायरिंगची कॉम्पिटिशन झाली, पोरगी पहिली. "बाबा, शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाची भोकं तुमच्या तळहाताखाली झाकतीन." फौजेत सोळा वर्षं जवानांले रायफल शिकवली, गोळ्यांचा असा ग्रुप माझ्या हातून दोनदाच आला. तिच्या आईले, शोभाले सांगितलं. ती म्हणे, जेवली का ते विचारलं का?

१४ जाने.
हथखोजला कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची ड्यूटी. न्यूज चॅनलवाला पोरगा आला, मीनूचं त्याले कोणी सांगितलं कोण जाणे. माइक धरला. मी खुशीत. म्हणालो, "बेटी ने पाँच का ग्रुप मारा है. एक भी बाहर नहीं गया." फोटो मागितला. वर्दीतला दिला.

१५ जाने.
सहाच्या बातम्या. भिलाईच्या पोरीनं एकटीनं पाच नक्षल्यांची टोळी मारली, एकही निसटला नाही. मीनूचा चेहरा, नाव, रुआबांधातली आमची गल्ली. दुर्बिणीची जी रायफल दाखवली ती तिच्या दलात कोणापाशीच नाही.
शोभा म्हणे, "पाच माणसं?"
"कागद होता. कागदावरची भोकं."
"मंग ते असं कावून सांगून राहिले?"
माझेच शब्द आहेत, हे सांगायले अर्धा तास लागला.

१६ जाने.
चॅनलले फोन. समजावलं, ग्रुप म्हणजे गोळ्या किती जवळ बसल्या ते. हात स्थिर आहे, एवढंच कळते त्यातून. माणूस समोर असला, धावून दम लागला असला, तर गोष्टच वेगळी. "सर, मतलब तो वही हुआ ना," म्हणे. बातमी काढतो म्हणाला. काढलं नाही. आणखी दोन चॅनलांनी उचललं.
शेजारचे साहूजी पेढे घेऊन आले. खरं सांगायचं होतं. पेढा खाल्ला.

१८ जाने.
मीनू, जेमतेम दोन मिनिटं.
"बाबा, मी आजवर कोणावर गोळी नाही चालवली."
"माहीत आहे बेटा."
"कॅम्पापाशी बाजारात एक बाई मले रोज हाक मारत होती. आज तोंड फिरवलं तिनं. तिच्या गावचे दोन पोरं मागच्या महिन्यात चकमकीत मेले. तिले वाटून राहिलं..."
मग म्हणाली, साहेब विचारून राहिले, हे बोललं कोण.
"मीच."
मग "बरं."
ओरडली असती तर...

१९ जाने.
तिच्या कमांडंट साहेबांले अर्ज. चूक माझी, पोरीची नाही. ग्रुपचा अर्थ चित्र काढून दाखवला. चार वेळा लिहिलं. शोभा म्हणे, "अर्जानं टीव्हीवर गेलेला चेहरा परत येते का?"

२२ जाने.
मीनूचा सकाळी मेसेज. साहेबांनी दुसऱ्या कॅम्पात बदलीचं विचारलं, ती नाही म्हणाली. गेली तर खरंच मारले असं वाटन लोकांले. काल बाजारात त्या बाईपाशी बसली, तिच्या बोलीत जेवढं जमलं तेवढं सांगितलं. बाईनं ऐकलं.
आज त्याच गावाकडच्या रस्त्यावर ड्यूटी. मी लिहिलं, तोंडाले कपडा बांधून जा. तिनं लिहिलं, नाही बाबा, बांधला तर लपून राहिली म्हणतीन.
परत आली की फोन करीन म्हणे, साडेचारपर्यंत. सहा वाजून गेले. रेंज नसन. शोभा फोन मांडीवर घेऊन बसली आहे, माझ्याकडे पाहत नाही.