दसऱ्यानंतरचा आवाज

७ ऑक्टोबर १९५६, रविवार

आजपासून रोजनिशी. फक्त कामाचे लिहायचे. भावना वगैरे नाही. मोटरखान्यात आयुष्यभर नायब होतो, रडगाणे कधी गायले नाही. ग्वाल्हेरचा दरबार गेला, मोटरखाना मध्यभारतात विलीन झाला, मी पेन्शनीत विलीन झालो. मला काही वाटले नाही.

आता मध्यभारतही चालला. एक तारखेपासून नवा मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. सुनंदा सेक्रेटरिएटात टायपिस्ट. तिचे ऑफिस टेबल-खुर्च्यांसकट तिकडे निघाले आहे. एक तारखेला तिला तिथे हजर व्हायचे आहे. आमची एकुलती एक. यातही मला काही वाटलेले नाही.

ठराव: सुनंदाला मी स्वतः मोटरने भोपाळला पोचवणार. शिंदे की छावनीतून आमच्या घरची मुलगी तांग्यात होल्डॉल टाकून स्टेशनवर जाणार नाही. निघायचे तीसला, पहाटे. सुनंदा म्हणाली, आबा, फालतू परेशान होऊ नका, ट्रेन आहे ना. तिला सांगितले, मोटर लिलावातली असेल, पण दरबारच्या लिलावातली आहे.

१० ऑक्टोबर, बुधवार

ट्रायल. छावनी ते गोरखी आणि परत. इंजिन मख्खन. चालवण्याचा माझा अनुभव दांडगा आहे (मोटरखान्यात शोफरच्या शेजारी बसून).

शेजारचे कृष्णराव गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत बघत होते. त्यांचा गोविंद सुनंदाच्याच ऑफिसात. तो आगगाडीने जाणार, रिझर्वेशनही झाले म्हणे. बिचारा.

१४ ऑक्टोबर, रविवार, दसरा

शस्त्रपूजा. घरात तलवार एकच उरली, तीही म्यानातून निघत नाही. म्यानालाच फुले वाहिली. मग मोटर.

लोक टायरला हळदकुंकू लावतात, बॉनेटवर हार घालतात. ही वरवरची भक्ती. मोटरची शक्ती डायनामोत. दिव्यांना वीज तिथून, हॉर्नला तिथून, बॅटरीत जीव तिथून. मोटरखान्यात मी हेच सांगायचो, कोणी ऐकले नाही. आज माझ्या मनासारखे केले. डायनामोच्या झाकणाची पट्टी सरकवून थेट आत कुंकू, मूठभर अक्षता आणि शमीचे पान. सौ. म्हणाली, अहो, बाहेरून वाहा की! बायकांना यंत्रातले काय कळणार.

संध्याकाळी सुनंदाने सोने दिले, पाया पडली. म्हणाली, पुढच्या दसऱ्याला नक्की येईन. मी म्हटले, ठीक आहे.

१५ ऑक्टोबर, सोमवार

मोटरमध्ये आवाज. आधी कर्रर्र, मग खडखड. काल सकाळपर्यंत नव्हता. कारण उघड आहे: हवा बदलते आहे.

१७ ऑक्टोबर, बुधवार

पेट्रोलचा दोष. पेट्रोल बदलले. आवाज तोच.

पंख्याचा दोष. पंख्याला तेल दिले. आवाज तोच, आता शर्टावर तेल.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

शास्त्रीय पद्धत. स्क्रू पिळायचा लांब पेचकस घेतला, टोक इंजिनाला, मूठ कानाला. सौ.ने दारातून विचारले, डॉक्टरसाहेब, नाडी सापडली का? मी कान पुसत होतो. कानात ग्रीस गेले होते.

मग पट्टा उतरवून इंजिन चालू केले. आवाज बंद. पट्टा चढवला, आवाज हजर. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा डायनामोच गुन्हेगार. हे निदान भल्याभल्यांना जमले नसते. सुनंदाला बोलावून दाखवले. ती म्हणाली, गोविंदच्या डब्यात अजून जागा आहे. विषय काय, मुलगी बोलते काय!

२१ ऑक्टोबर, रविवार

माधवगंजातून दौलतसिंह मिस्त्री आला. सकाळी येतो म्हणाला होता, जेवून-झोपून आला. डायनामो उघडला तर आतून भुगा झालेले तांदूळ आणि लाल लगदा. म्हणाला, रावसाहब, ये डायनामो है या खिचड़ी का पतीला? सौ. पदर तोंडाशी धरून आत गेली.

माझा संशय कृष्णरावांच्या कबुतरांवर. पक्षी दाणे कुठेही नेऊन टाकतात. शमीचे पान घरट्यासाठी आणले असणार.

आतला भाग पार गेला, दुरुस्तीत अर्थ नाही, असे त्याचे म्हणणे. आग्र्याहून दुसरा मागवतो म्हणाला. असाच नेला असता तर बॅटरी बसली असती आणि शिवपुरीच्या जंगलात अंधारात अडकलो असतो. वेळेवर सावध झालो, हे माझ्या निदानाचे यश.

२४ ऑक्टोबर, बुधवार

डायनामो आला नाही.

सौ. दिवाळीचा फराळ आत्ताच करते आहे, सुनंदाबरोबर द्यायला. घरभर भाजणीचा वास. ठराव: चकली एकच खायची. (चार खाल्ल्या. बिघडल्या असत्या तर पोर परगावी कोणाला सांगणार?)

सुनंदाने ट्रेनचे तिकीट काढून ठेवले आहे, असावे म्हणून. मला विचारले नाही. मी रागावलो नाही. फक्त सुचवले की दिवाळी दोन तारखेला आहे, ती करून जा, भोपाळ कुठे पळून जात नाही. ती म्हणाली, आबा, एकला हजर नसले तर नोकरी जाईल. अशी कशी जाईल? आमच्या वेळी मोटरखान्यातला एक हेल्पर दोन महिने बेपत्ता होता, कोणाच्या लक्षातही आले नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

दौलतसिंहने नवा डायनामो बसवला. आवाज नाही. अजिबात नाही.

सुनंदाला शेजारी बसवून गोरखीपर्यंत नेले. फार दिवसांनी मोकळी हसली. म्हणाली, आबा, कमाल केली तुम्ही. तिकीट परत करते, तुमच्याबरोबरच येते. मी म्हटले, कर. घरी सौ. तिला म्हणाली, असू दे पर्समध्ये, काय खायला मागते का ते?

नंतर अंगणात एकटाच मोटरमध्ये बसलो. परतीचा विचार आजवर केला नव्हता. भोपाळहून येताना शेजारची सीट रिकामी असणार, थेट घरापर्यंत. हे फक्त गाडीच्या तोलाच्या दृष्टीने लिहून ठेवतो.

२९ ऑक्टोबर, सोमवार

नवा डायनामो, लांबचा प्रवास, आणि पूजा नाही? आमच्या घराण्यात असे चालत नाही. सौ. आणि सुनंदा देवळात गेल्या तेव्हा उरकून घेतली. पट्टी सरकवून, आत. प्रवास लांबचा म्हणून अक्षता दोन मुठी.

कबुतरांवर लक्ष ठेवले. एकही फिरकले नाही.

३० ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे सामान चढवले. स्टार्ट केली. कर्रर्र. खडखड. चार्जिंगचा काटा उलट्या बाजूला.

दौलतसिंह दिवाळीला गावी गेलेला. मी सुनंदाला म्हटले, नशीब, दुसरे काय! दोन दिवस थांब, लक्ष्मीपूजन करून जाऊ. ती बॉनेटकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. माझा अंदाज होता की थांबेल. तिने दारातली सायकल बाजूला केली आणि स्वतः होल्डॉल उतरवला.

तांगा सौ.ने बोलावला. निघताना सुनंदा पाया पडली. डोक्यावर हात ठेवला तर तिच्या भांगाशी लाल लागले. कालचे कुंकू माझ्या नखांत राहिले होते. मी पुसायला गेलो. ती म्हणाली, राहू दे आबा.

स्टेशनवर सौ. गेली. मी गेलो नाही. मोटरजवळ कोणीतरी थांबायला हवे होते.

१ नोव्हेंबर, गुरुवार

नवा प्रांत. कृष्णरावांच्या रेडिओवर भाषणे. ग्वाल्हेर आता राजधानी नाही. नळाला पाणी नेहमीच्याच वेळी आले. सुनंदा हजर झाली असेल. तिचा दुधाचा पेला मी सकाळी चुकून काढला, पुन्हा जागेवर ठेवला.

२ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

दुपारी पट्टी उघडून डायनामो साफ केला. पाटावर उभे राहून, चिमट्याने, सावकाश. स्टार्ट केली. आवाज नाही.

संध्याकाळी सौ.ला म्हटले, चल, दिवे बघून येऊ. ती सवयीने मागे बसली. पुढची सीट रिकामीच राहिली. मोटर गोरखीपर्यंत सुरेख चालली. तिथे सौ.ने मागून विचारले, निघाले का हो सगळे तांदूळ?

मी म्हटले, कसले तांदूळ?

ती म्हणाली, पुढे बघून चालवा.

थोड्या वेळाने मी म्हटले, कृष्णरावांची कबुतरे फार झाली आहेत. ती दिवे बघत होती. हॉर्न मात्र आता चांगला वाजतो.