कॉफी प्या म्हणण्याचा हक्क

मी, नायफ सालिम अल-रवाहना, वय सत्तावीस, राहणार उम्म हलील, करकजवळ, जॉर्डन, सध्या मुक्काम अहमदी, कुवेत, काम तेलाच्या टाक्या आतून साफ करणे, अल्लाहचं नाव घेऊन, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीला न घालता हे लिहून ठेवतो. शाळा सहावीपर्यंत झाली. चुका असतील त्या सांभाळून घ्याव्यात.

मी आजारी नाही. आमच्या खोलीतला इद्रिस टाकीत उतरला, तो वर आला नाही. त्याची चादर कोणी घ्यायची यावर खोलीत बरंच बोलणं झालं. मला काही वाटलं नाही. आपलं लिहून ठेवावं, एवढंच डोक्यात आलं.

१. घर, अजून छप्पर न घातलेल्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक यांचे धर्माप्रमाणे वाटे व्हावेत. आईचा आईला, फिद्दाताईचा ताईला. मला मूलबाळ नाही, म्हणून उरलेला वाटा मुतलककाकांना जातो. जाऊ दे.

२. टाकीत उतरताना घालायचा वायूचा मुखवटा कंपनीचा आहे, तो परत करावा. बूट ज्याला बसतील त्याने घ्यावेत. ते अजून चांगले आहेत.

३. बाबांची पितळी कॉफीची किटली ताईला. याचं कारण लिहितो.

२०१६ साली निवडणुकीची नवी पद्धत आली. एकट्याने नाही, यादी करून उभं राहायचं. यादीतल्या सगळ्यांची मतं एकत्र मोजायची, जागा मिळते ती सगळ्यांत पुढे असेल त्याला. म्हणून मोठा माणूस आपल्या यादीत मतं आणण्यापुरती लहान नावं भरतो. त्यांना आमच्याकडे सारण म्हणतात, द्राक्षाच्या पानात भरून शिजवतात तसं. ताई गावातल्या शिक्षकांच्या यादीतून उभी राहणार होती. काका कुळातली वडीलधारी माणसं घेऊन घरी आले. मी कॉफी ओतली. रीतीप्रमाणे त्यांनी पेले पुढ्यात ठेवले आणि तोंडाला लावले नाहीत. मागणं होतं की ताईने ती यादी सोडून काकांच्या यादीत यावं.

ताई दारातून म्हणाली, "काका, सारण माझं आणि पान तुम्ही खाणार, असंच ना?"

काका हसले. "पोरी, पानात गेल्याशिवाय सारणाला विचारतो कोण?"

बाबांना पाहुणे कोरडे बसलेले बघवत नसत. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "प्या, कॉफी गार होतेय."

'प्या' म्हटलं की मागणं मान्य झालं. सगळ्यांनी पेले उचलले. ताईच्या मतांवर काका संसदेत गेले. ती बाबांना एका शब्दाने बोलली नाही. मात्र त्यानंतर त्या घरात ती कॉफी प्यायली नाही. पुढे बाबा गेले.

४. आता सप्टेंबरात पुन्हा निवडणूक आहे. बायकांच्या राखीव जागेसाठी ताई उभी राहतेय. काकांचा फोन आला होता की माणसं घेऊन येतो. घरचा पुरुष आता मी, तेव्हा उत्तर मी द्यायचं. इथे बसून मत देता येत नाही, म्हणून रजा टाकली आहे. पोचलो तर मीच बसेन आणि 'प्या' म्हणणार नाही.

पण पोचलो नाही, तर मान काकांकडे जातो. मग मागणारे तेच आणि 'प्या' म्हणणारेही तेच.

म्हणून लिहितो. जमीन, पैसा, कशात माझं चालत नसेल तर नसो. पण माझ्यामागे त्या घरात 'प्या' म्हणण्याचा हक्क फिद्दा सालिम हिचा, दुसऱ्या कोणाचा नाही. कॉफी आईने करावी, किटली ताईने धरावी. त्यांनी पेले खाली ठेवले की कोणी घाई करू नये. ताई म्हणेपर्यंत ती गार होऊ द्यावी. नाहीच म्हणाली, तर पेले विसळून ठेवावेत.

हे मी वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही: नायफ सालिम

साक्षीदार:
शुक्री बयूमी, राहणार मन्सूरा, इजिप्त (सही)
दिलावर खटक, राहणार कोहाट, पाकिस्तान (अंगठा. मजकूर शुक्रीने समजावून सांगितला.)

ठिकाण: अहमदी, कुवेत
तारीख: १० जुलै २०२४