मलाच वाचता येईनात अशा वह्या

९ मार्च
जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर जायचंय, म्हणून आज माळा रिकामा केला. सासूबाईंच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या माझ्याच रोजनिश्या निघाल्या! लग्नानंतरच्या वर्षांतल्या. साफ विसरले होते. सगळ्या कन्नडमध्ये. माहेर अक्कलकोटकडचं, माझी शाळा कन्नड. सासरी सगळे कन्नड बोलायचे, पण सगळ्यांची शाळा मराठी. कन्नड लिपी एकालाही येत नव्हती. त्यामुळे वही खुशाल कुठंही टाकायची मी. हुशारच होते.
गंमत पुढेच. उघडली, तर मलाच वाचता येईना.

१० मार्च
अक्षरं ओळखू येतात, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. रूपाचा अभ्यास मराठीत घेतला, बाजार मराठीत केला. कन्नड नुसती जिभेवर उरली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं मूठ मलाच उघडेना.
रूपाचा पुण्याहून फोन. "आई, फोटो काढून ॲपला दे की, वाचून दाखवेल." म्हटलं, माझ्या संसाराशी ॲपला काय करायचंय?

१२ मार्च
युक्ती सापडली. मनात वाचलं तर काही लागत नाही. पहिलीतल्या पोरासारखं मोठ्यांदा, अक्षराला अक्षर जोडत गेलं की कानाला कळतं. म्हणजे हे घरात असताना बंद. सकाळी मित्राच्या दुकानात बसायला जातात, तेवढाच वेळ.
आज वाचलं: "आज हे माझ्याशी बोलले. म्हणाले, चहा." एवढीच नोंद! खूप हसले. फटकळ होती ही पोरगी. मला आवडायला लागलीय. पुढं काय करते बघू.

१५ मार्च
वाचून झालेल्या वह्या बादलीत भिजत घातल्या. आई करायची तसा मेथीची पूड घालून लगदा केला, पातेलं पालथं घालून त्यावर थापला. वाळला की टोपली. पाणी निळं झालं शाईनं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं फारसं नाही वाटलं.
रद्दीत घालायचा धीर नव्हता. भेळ बांधून दिली कुणाला, तर? सोलापुरात भेळ खाणाऱ्याला कन्नड वाचता येत नसेल कशावरून?
हे म्हणाले, "काय करतीस?" "टोपल्या." "बरं." संपलं. विचारतील तर शपथ.

१८ मार्च
फजिती.
व्हरांड्यात बसून शेवटची वही वाचत होते. "नाळे... मने... बि..." उद्या, घर, आणि पुढं जोडाक्षर. बि... बि... करत अडकले. मागून आवाज आला, "बिट्टु."
सोडून.
हे दारात चपला काढत होते. लवकर आले होते. पुढचं "होगुत्तेने" मी तोंड मिटूनच वाचलं. जाते. उद्या घर सोडून जाते.
पण त्यांना न वाचता कळलं असणार.

१९ मार्च
संध्याकाळी कप खाली ठेवून म्हणाले, "कुटं निघाली हुतीस?"
"आठवत नाही."
"मी काय केलं हुतं?"
"तेही आठवत नाही."
खरंच आठवत नाही. ह्यांना पटलं नसावं. मग त्यांच्यासमोरच पुढचं पान वाचलं. तिथं काय? "ज्वारी निवडली. पाठ दुखते." गेली का नाही, कुणी अडवलं, की स्वतःच थांबली, एक अक्षर नाही. रागच आला तिचा. चहाचं लिहितेस नि हे लिहीत नाहीस?

२१ मार्च
गच्चीवर वाळत घातलेली टोपली हे हातात घेऊन बघत होते.
"ह्यात काय हाय?"
"तुम्हीच आहात बरेचसे."
हसले. मग म्हणाले, "ती शेवटची भिजवू नको एवढ्यात."
मला तर उद्याच भिजवायची होती. सामान कमी करायचंय. आणि ते पान घरात राहिलं की आमच्या दोघांत राहणार. पण नको म्हणाले तेही बरं वाटलं. का, ते कळत नाही.

२३ मार्च
भांडी बांधत होते. हे समोर येऊन बसले. म्हणाले, "अजून वाटतंय का तुला तसं? जावं म्हणून?"
नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण तोंडातून बाहेर येईना. कन्नडमध्येही नाही, मराठीतही नाही. कधीच वाटलं नाही असं नाही. रोज वाटतं असंही नाही. असं कुणी विचारेल हे मुळी डोक्यातच नव्हतं माझ्या.
म्हटलं, "विचार करून सांगते."
"सांग की," म्हणाले. मला वाटलं उठतील. भांडी तशीच ठेवून मी हे लिहायला घेतलं, तर अजून समोर बसलेत.