आलं ओळखणारी सून

सोलो, रविवार

ती. वागियेम मावशीस लारासचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? मी इथे आनंदाने नुसती उड्या मारते आहे (दोन कपबशा फुटल्या, पण ते जाऊ दे).

माझी होणारी सासू, पन्जीची आई बू सुमिनेम, म्हणजे काढ्यांच्या दुकानाची मालकीण. जिला आलं आणि कुलंजन ओळखता येत नाही ती सून कसली, असं आपल्याकडे सगळ्याच सासवा म्हणतात. ही बाई खरोखर परीक्षा घेते! मागच्या खेपेला मी पाहुण्यांच्या चहात आल्याऐवजी कुलंजन ठेचून घातलं. पाहुणे निमूट प्यायले, पण लग्न तिथेच अडलं. कॉलेजात कंदमुळं शिकवते खरी, पण माझ्या नाकाला वास कळत नाही आणि नुसत्या डोळ्यांना सगळे कंद सख्खी भावंडं वाटतात. म्हणून आज सूक्ष्मदर्शकच काखोटीला मारून गेले.

अंगणात शेजारणी जमलेल्या. बूंनी सुपात सोललेले पाच तुकडे मांडले. मी पात्याने पापुद्रे काढले, आयोडीनचा थेंब टाकला आणि भिंगाला डोळा लावला. मावशी, काय सांगू तुला! आल्याचे पिठूळ कण चपटे, एका टोकाला निमुळते, कुलंजनाचे लांबुळके, हळदीच्या तेलाच्या पेशी पिवळ्याधमक! (थोडं आयोडीन बूंच्या बाटिकच्या लुंगीवर सांडलं. लुंगी निळीजांभळी झाली. खळ उत्तम होती, एवढं सिद्ध झालं.)

"अगं बाई, एवढं होऊन काढा मिळेपर्यंत बाळंतीण उठून बाजाराला जाईल!" बू म्हणाल्या. पण पाचही बरोबर! त्यांनी स्वतः माझ्या तोंडात ताडगुळाचा खडा घातला. "आता आमची सुंठपूडही बघ गं, आणि या सगळ्याजणींना सांग, कशी शुद्ध आहे ती."

मी पाहिलं. मग मीच म्हणाले, भिंग बिघडलं. शेजारणी फिदीफिदी हसल्या, बूंचं तोंड उतरलं, बिघडल्या भिंगाची म्हणून आधीची पाचही उत्तरं बाद झाली आणि पुढच्या रविवारी परीक्षा पुन्हा ठरली. पन्जी मला फार आवडतो गं. हे लग्न मोडलं तर मला सोसवायचं नाही.

तुझी लाडकी,
लारास

ता. क. त्या पुडीत साबुकंदाचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, स्वस्त पीठ होतं, आणि चांगलं सढळ हाताने घातलेलं. गोल कण, मधोमध चांदणीसारखी भेग. चूक होणं शक्यच नाही.

आणखी ता. क. बूंना सुंठपूड तूच पुरवतेस, मावशी. शनिवारपर्यंत निव्वळ सुंठीची गोणी पाठव. भिंग दुसऱ्यांदा बिघडायचं नाही.

शेवटचा ता. क. जुनी पूड मात्र फेकू नकोस. वर्गात भेसळ दाखवायला इतका देखणा नमुना मला शोधून सापडायचा नाही.